कंबोडियात फिरताना भूसुरुंगांपासून कसं जपायचं

व्हिएतनाम-कंबोडिया अशी जोडटूर करून अंगकोर वाटला आता आपल्याकडचे बरेच लोक जातात, पण भूसुरुंगांचा विषय फार कुणी काढत नाही. घाबरायचं कारण नाही, अंगकोर वाट, बायोन, ता प्रोम हे परिसर कधीच साफ झालेत, तिथे निवांत फिरा. पण नोम कुलेनचा डोंगर, कोह केरची जुनी देवळं, किंवा बॉर्डरकडचं पाइलिन-बट्टमबंग असं काही स्वतः बाइक घेऊन करणार असाल तर हे वाचून मगच निघा.

तिथे जवळजवळ तीस वर्षं युद्ध चाललं आणि प्रत्येक बाजूने सुरुंग पेरले, थायलंडच्या बॉर्डरला तर 80च्या दशकात त्यांचा अख्खा पट्टाच तयार केला. 1979 पासून आजवर जवळपास 20 हजार माणसं गेली, 45 हजारांच्या आसपास जखमी झाली. 1996 या एका वर्षात मेलेले आणि जखमी मिळून 4,320, आता हा आकडा वर्षाला शंभरच्या आत आलाय, पण जे सापडतात ते शेतकरी, लाकडं आणायला गेलेले लोक आणि पोरं.

मळलेली वाट सोडायची नाही, हा पहिला आणि सगळ्यात मोठा नियम. फोटोसाठी नाही, शॉर्टकटसाठी नाही, आणि लघवीला म्हणून झुडपात तर अजिबात नाही, रस्त्याच्या कडेलाच उरका, लाज वाटली तरी चालेल. लाल पाटीवर पांढरी कवटी दिसली की तिथूनच मागे फिरायचं. पण पाटी नाही म्हणजे जागा साफ आहे असंही नाही, कधीकधी गावातले लोक काड्यांची फुली ठेवतात, दगड रचतात, गवताला गाठ मारतात, तेही बघत चला. आणि शेतात माणसं राबतायत म्हणून शेत सुरक्षित असं समजू नका, कारण रणगाड्यासाठी पुरलेला सुरुंग माणसाच्या वजनाने सहसा फुटत नाही, त्याला शंभर किलोच्या वर दाब लागतो, त्यामुळे वर्षानुवर्षं कसलेल्या शेतात ट्रॅक्टर आला आणि मग स्फोट झाला असं तिथे खरंच होतं.

काहीही उचलायचं नाही. फेब्रुवारी 2025 मध्ये, अंगकोर वाट ज्या सिएम रीप प्रांतात आहे तिथेच घराजवळ खेळताना जुना बॉम्ब फुटून दोन वर्षांची दोन पोरं गेली. काडतुसाचं कवच आठवण म्हणून विकायला आलं तरी घेऊ नका. जमिनीत संशयास्पद काही दिसलं तर हात न लावता लांबूनच फोटो काढा, जागा लक्षात ठेवा, जिथून आलात तिथूनच मागे जा आणि ड्रायव्हर, गावकरी किंवा पोलिसांना सांगा, ते सुरुंग काढणाऱ्या पथकाला कळवतात.

आता, आपण चुकीच्या जागी आलोय असं मध्येच लक्षात आलं तर? आहात तिथेच थांबा, पाय हलवू नका, ओरडून बाकीच्यांनाही थांबवा, फोन करा आणि कितीही तास लागले तरी वाट बघा. मदत येणारच नसेल आणि आपली पावलं मातीत स्पष्ट दिसत असतील तरच, त्याच ठशांवर पाय देत मागे यायचं. आणि सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे, सोबतचा माणूस जखमी होऊन पडला तरी त्याच्याकडे धावायचं नाही. मन ऐकत नाही, पण एक सुरुंग आहे तिथे शेजारी दुसरा असतोच असं धरून चालायचं. लांबून त्याच्याशी बोलत राहा, त्याचाच बेल्ट किंवा कापड जखमेच्या वर करकचून आवळायला सांगा, रक्त थांबणं महत्त्वाचं.

हे एवढं का सांगतेय, तर या जखमा साध्या नसतात. सुरुंग फुटतो तेव्हा माती, गवत, चपलेचे तुकडे मांसात वरपर्यंत घुसतात, त्यामुळे डॉक्टरांना दिसतंय त्याच्या बरंच वरून पाय कापावा लागतो. लहान मूल असेल तर हाड वाढत राहतं, कृत्रिम पाय साधारण सहा महिन्यांनी बदलावा लागतो. आपला जयपूर फूट तिकडे वापरला गेला, तो घालून उकिडवं बसता येतं, अनवाणी चिखलात उतरता येतं, भातशेती करणाऱ्या माणसाला हेच तर हवं.

आणि हे काढणं किती किचकट आहे तेही बघा. चिनी बनावटीचा टाइप 72 हा सुरुंग शू पॉलिशच्या डबीएवढा, त्यात धातू नावालाच. मीटरभर रुंदीची पट्टी आखायची, डिटेक्टर वाजला की गुडघ्यावर बसून बाजूने तिरकी सळई हळूहळू सरकवत माती काढायची, आणि बहुतेक वेळा निघतो गंजका खिळा. तरी पुढच्या आवाजाला परत तेवढीच काळजी, त्यात पावसाळ्यात पूर येऊन सुरुंग जागा सोडून वाहतात ते वेगळंच. म्हणून तिथे आफ्रिकन मोठे उंदीर वापरतात, त्यांना स्फोटकाचाच वास कळतो, लोखंडाशी देणंघेणं नाही, आणि वजन इतकं कमी की सुरुंग फुटत नाही. त्यातल्या मगावा नावाच्या उंदराने 71 सुरुंग शोधले, 2020 मध्ये त्याला ब्रिटनमधल्या संस्थेचं सुवर्णपदक मिळालं. सिएम रीपमध्ये या उंदरांचं केंद्र बघता येतं, नक्की जा, तिथलं तिकीट सत्कारणी लागतं. बांतेय स्रेई या देवळाच्या वाटेवर आकी रा यांचं सुरुंग संग्रहालय आहे, ते लहानपणी ख्मेर रूज या कट्टर कम्युनिस्ट संघटनेच्या सैन्यात होते, स्वतः सुरुंग पेरायचे, नंतर आयुष्यभर तेच काढत राहिले. मुलांना घेऊन बघाच.

थायलंडच्या बॉर्डरवरच्या प्रेह विहेआर देवळाचा प्लॅन असेल तर मात्र थांबा. 2025 मध्ये थायलंडशी तिथे लढाई झाली, थाई सैनिकांचे पाय सुरुंगांवर पडले, थायलंड म्हणतं नवे पेरलेत, कंबोडिया म्हणतं जुनेच आहेत. बुकिंगच्या आधी आपल्या दूतावासाच्या सूचना वाचा आणि सिएम रीपला पोचल्यावर तिथल्या गाइडला परत एकदा विचारा, तो नको म्हणाला तर तो दिवस कोह केरला द्या, वाट न सोडता.