व्यसनमुक्तीनंतरचे योग, ध्यान आणि आयुर्वेद : या चुका टाळा

व्यसनमुक्ती केंद्रातून घरी परतलेल्या माणसासाठी नातेवाईक ज्या गोष्टी शोधू लागतात, त्यांत योगवर्ग, विपश्यनेचे शिबिर, पंचकर्म आणि कोणाच्या तरी ओळखीच्या वैद्यांचा पत्ता हे जवळजवळ ठरलेले असते. ही धडपड योग्यच आहे. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्रातही औषधोपचार आणि समुपदेशन यांच्या जोडीला योग आणि संगीत यांना स्थान आहे. असे पूरक उपचार फसतात ते बहुतेक वेळा त्यांच्यात खोट असते म्हणून नव्हे, तर ते चुकीच्या वेळी सुरू केले जातात, चुकीच्या औषधाबरोबर घेतले जातात किंवा मूळ उपचार बंद करून त्यांच्या जागी बसवले जातात म्हणून.

दारू सोडल्याच्या पहिल्याच आठवड्यात प्राणायाम आणि उपवास

रोज भरपूर पिणाऱ्या माणसाने दारू एकदम थांबवली, तर काही तासांतच हात थरथरू लागतात, घाम फुटतो आणि झोप उडते. साधारण पहिल्या दोन दिवसांत फिट येण्याचा धोका असतो, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भास होऊ लागतात, दिवस-रात्रीचे भान सुटते. ही अवस्था जिवावर बेतू शकते. घरी मात्र याच दिवसांत ‘शरीरशुद्धी’ म्हणून फळांच्या रसावर ठेवणे, वमन-विरेचन करवणे किंवा पहाटे उठवून जोरजोरात कपालभाती करवून घेणे असे प्रकार होतात. जास्त पिणाऱ्याच्या शरीरात थायमिन हे जीवनसत्त्व आधीच कमी असते, म्हणून डॉक्टर ते सुरुवातीलाच देतात. अशा वेळी उपाशी ठेवल्याने शुद्धी होत नाही, मेंदूला इजा होण्याची शक्यता मात्र वाढते.

बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेतील दारूच्या रुग्णांवर सुदर्शन क्रिया या लयबद्ध श्वसनपद्धतीचा अभ्यास झाला आणि तो २००६ साली प्रसिद्ध झाला. क्रिया करणाऱ्यांची उदासी अधिक कमी झाल्याचे त्यात आढळले, आणि हा अभ्यास श्वसनाच्या बाजूने नेहमी सांगितला जातो. पण त्यातील ६० रुग्णांचा पहिला आठवडा वैद्यकीय देखरेखीखाली दारू उतरवण्यात गेला होता आणि श्वसनक्रिया त्यानंतर सुरू झाली होती, हे सांगायचे राहून जाते. घरीही हाच क्रम ठेवावा. फिट येऊन गेलेल्या किंवा रक्तदाब चढा असलेल्या माणसाने वेगवान श्वसनाचे प्रकार डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नयेत. संथ श्वास, साधी आसने आणि चालणे यांपासून सुरुवात केली तर फारसे बिघडत नाही.

आयुर्वेदिक औषधाच्या बाटलीवरचे लेबल न वाचणे

ही चूक मला सर्वांत जास्त काळजीची वाटते, कारण ती करणारा माणूस पूर्णपणे प्रामाणिक असतो. डॉक्टरांनी डायसल्फिरामची गोळी सुरू केलेली असते. दारूपासून यकृतात अ‍ॅसिटाल्डिहाइड तयार होते आणि एरवी त्याचा पुढे निचरा होतो. ही गोळी तो निचरा अडवते. म्हणून गोळी चालू असताना थोडी दारू जरी पोटात गेली, तरी चेहरा लाल होतो, डोके ठणकते, उलट्या होतात, छातीत धडधडते आणि रक्तदाब घसरतो. गोळी बंद केल्यावरही सुमारे दोन आठवडे हा परिणाम टिकू शकतो.

आता याच माणसाची भूक वाढावी म्हणून घरचे लोक द्राक्षासव आणतात किंवा अशक्तपणासाठी अश्वगंधारिष्ट. आसवे आणि अरिष्टे गूळ किंवा मध आणि बहुधा धायटीची फुले घालून आंबवलेली असतात, आणि त्या आंबण्यातूनच त्यांत अल्कोहोल तयार होते. बाटली उजेडात धरून बारीक अक्षरे वाचली, तर ‘स्वयंनिर्मित अल्कोहोल’ अशा अर्थाची ओळ आणि बहुधा टक्केवारीही सापडते. दोन-दोन चमचे दिवसातून दोनदा घेणाऱ्याला मग अचानक उलट्या का होतात, हे कोणाच्या लक्षात येत नाही. त्यातून घरात ‘पुन्हा प्यायला असणार’ असा संशय सुरू होतो, आणि न प्यायलेल्या माणसाला तो संशय फार लागतो. गोळी चालू नसली तरी त्या चवीने आणि घशातल्या उष्ण जाणिवेने तलफ जागी होऊ शकते.

उपाय अवघड नाही. वैद्यांना पहिल्याच भेटीत दारूचा इतिहास आणि चालू गोळ्या सांगाव्यात आणि आसव-अरिष्टाऐवजी चूर्ण, वटी किंवा ताजा काढा मागावा. होमिओपॅथीचे थेंब आणि काही खोकल्याची औषधे यांचीही अशीच चौकशी करावी. अफू किंवा ब्राउन शुगर सोडलेल्याने लेबलवर ‘अहिफेन’ हा शब्द शोधावा, कारण कामिनी विद्रावण रस यासारख्या औषधांत तो असतो. भांगेसाठी ‘विजया’ हा शब्द पाहावा. यकृत आधीच दुखावलेले असेल, तर अश्वगंधेसारखी निरुपद्रवी समजली जाणारी वनस्पतीसुद्धा डॉक्टरांना विचारूनच घ्यावी.

‘न कळत जेवणातून द्या आणि दारू सोडवा’ अशी जाहिरात असलेली पावडर मात्र कोणत्याही परिस्थितीत देऊ नये. तिच्यात काय आहे हे कळत नाही, आणि त्यात डायसल्फिराम असेल तर नकळत घेणारा माणूस त्यावर दारू पिऊन मरणाच्या दारात जाऊ शकतो.

माळ घातली म्हणून गोळ्या बंद करणे

तुळशीची माळ घालून दारू सोडलेली माणसे महाराष्ट्रातल्या गावोगावी आहेत, आणि त्यांना वारीने, भजनाने दिलेले बळ खरे आहे. अडचण येते ती माळ किंवा शपथ हाच संपूर्ण उपचार मानल्यावर. अफूजन्य पदार्थांच्या व्यसनासाठी ब्युप्रेनॉर्फिन घेणाऱ्याला ‘हीही नशाच’ असे हिणवून ती गोळी सोडायला लावणारे लोक तर सुशिक्षित घरांतही भेटतात. गोळी अचानक बंद झाली की काही दिवसांत टर्की, म्हणजे नशा तुटल्याचा शारीरिक त्रास, सुरू होते आणि माणूस पुन्हा वापराकडे वळतो. मधल्या काळात शरीराची सहनशक्ती उतरलेली असते, त्यामुळे पूर्वीचाच डोस आता प्राणघातक ठरू शकतो. गोळ्या कमी करायच्या असतील तर त्या डॉक्टरांनीच आणि हळूहळू कमी कराव्यात.

माळेबाबत आणखी एक गोष्ट घडते. एखाद्या लग्नात स्लिप होते, म्हणजे एखादा पेला घेतला जातो, माणूस शरमेने माळ उतरवून ठेवतो, आणि त्याबरोबर भजनाला जाणे, तिथली माणसे, रोजचा नेम हे सगळेच सुटते. स्लिप झालीच तर काय करायचे, कोणाला त्याच दिवशी फोन करायचा, हे माळ घालतानाच बुवांशी किंवा गटातल्या एखाद्या जुन्या माणसाशी बोलून ठेवावे.

घरी येताच दहा दिवसांच्या मौनाला पाठवणे

इगतपुरीच्या धम्मगिरीसारख्या केंद्रांत विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिरात रोज सुमारे दहा तास बसणे आणि मौन असते. ज्याची झोप अजून बसलेली नाही, ज्याच्या मनात जुने अपराध उसळून येत आहेत, त्याला महिन्या-दोन महिन्यांतच तिथे धाडणे घाईचे आहे. प्रवेशअर्जात आजार, औषधे आणि व्यसन यांविषयी विचारतात, तेव्हा नातेवाइकांनी ‘नकार येईल’ म्हणून लपवाछपवी करू नये. तो प्रश्न रुग्णाच्या संरक्षणासाठीच आहे.

व्यसन पुन्हा लागू नये म्हणून खास तयार केलेला ध्यानाचा एक कार्यक्रम अमेरिकेत अ‍ॅलन मार्लाट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडला. तो आठ आठवड्यांचा असून तलफेच्या वेळी तिच्याशी भांडायचे नाही, पळायचे नाही, तर ती शरीरात कुठे जाणवते, कशी वाढते आणि कशी ओसरते हे पाहत राहायचे, असे त्यात शिकवतात. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या २८६ जणांच्या चाचणीत वर्षभरानंतर हे ध्यान शिकलेल्या गटाचे नशेचे दिवस इतर दोन्ही गटांपेक्षा (नेहमीचे उपचार घेणारा आणि ध्यानाविना व्यसन पुन्हा न लागण्याचे प्रशिक्षण घेणारा) कमी होते. या सर्वांनी प्राथमिक उपचार आधी पूर्ण केले होते. घरी करायचे तर पाच-दहा मिनिटे पुरेत, आणि डोळे मिटल्यावर घाबरे होत असेल तर डोळे उघडे ठेवून किंवा चालताना करावे. भीती, रडू किंवा आत्महत्येचे विचार वाढत असतील तर ध्यान थांबवून समुपदेशकाला कळवावे.

उपचार योग्य, सोबत चुकीची

गाणे, चित्रकला, ट्रेकिंग या सगळ्यांचा उपयोग होतो. पण ज्या गझला बारमध्ये चखण्याबरोबर ऐकल्या त्याच लावून बसले, तर मन तिथेच जाते. सुरुवातीची गाणी समुपदेशकाबरोबर निवडावीत. ट्रेकच्या गटात रात्री तंबूत काय चालते याची आधी चौकशी करावी. कानातल्या अ‍ॅक्युपंक्चरने व्यसन सुटते असा ठोस पुरावा मात्र नाही, तेव्हा त्यावर मोठी रक्कम घालू नये.

फॉलोअप सोडून देणे

योगवर्ग नियमित सुरू झाला की दारू सोडणाऱ्यांचा स्वमदत गट असलेल्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची मीटिंग आणि केंद्राचा फॉलोअप हळूच गळतात, कारण योगवर्गात कोणी अवघड प्रश्न विचारत नाही. मीटिंगमध्ये ते विचारले जातात, म्हणून तिचा वार आधी पक्का करून बाकीचे वेळापत्रक तिच्याभोवती बसवावे. पत्नीने किंवा आईने प्राणायामाची हजेरी घेत बसू नये. त्यांच्यासाठी अल-अ‍ॅनॉनच्या स्वतंत्र मीटिंग असतात आणि तिथे त्यांनी स्वतःसाठी जावे. जवळ केंद्र नसेल तर व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी टेलिमानसचा १४४१६ हे दोन्ही क्रमांक विनाशुल्क आहेत. फिट, भास किंवा शुद्ध हरपणे यांपैकी काहीही दिसले, तर फोनवर सल्ला घेत न थांबता रुग्णाला थेट रुग्णालयात न्यावे आणि तो घेत असलेल्या सर्व गोळ्या, चूर्णे आणि बाटल्या पिशवीत घालून बरोबर न्याव्यात.