चेनसॉचा बार आणि चेन: योग्य माप कसं ठरवायचं

दुकानात जाऊन नुसतं ‘१६ इंची चेन द्या’ म्हटलं आणि बरोबर चेन हाती पडली, तर तो योगायोग समजा. १६ इंची बारसाठी (बार म्हणजे चेन जिच्याभोवती फिरते ती लांब पट्टी) ३/८ लो प्रोफाइल पिचमध्येच (पिच म्हणजे चेनच्या रिव्हेटमधल्या अंतराचं माप) ५५, ५६ आणि ५७ ड्राइव्ह लिंकच्या, म्हणजे बारच्या खाचेत फिरणाऱ्या दातांच्या, वेगवेगळ्या चेन मिळतात. ०.३२५ पिचमध्ये ६६ आणि ६७ च्या असतात. इंच हे बारचं माप आहे. चेन ठरते ती पिच, गेज आणि ड्राइव्ह लिंकची संख्या या तीन आकड्यांवर.

हे आकडे बहुतेक वेळा बारच्या मागच्या टोकाजवळ कोरलेले असतात. मशीन बंद करा, प्लगची कॅप काढा (बॅटरीचं मशीन असेल तर बॅटरी काढा), हातमोजे घाला आणि झाकण उघडून तिथली तेलकट घाण पुसा. आकडे वाचता आले तर अर्धं काम झालं. झिजून गेले असतील तर मोजावं लागेल.

पिच. चेनवरचे लागोपाठ तीन रिव्हेट घ्या. पहिल्याच्या मध्यापासून तिसऱ्याच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजा आणि त्याला दोनने भागा: ही झाली पिच, आणि ती इंचांत सांगतात. न भागलेलं अंतर १६.५ मिमीच्या आसपास आलं तर पिच ०.३२५, साधारण १८.६ ते १९ आलं तर ३/८, आणि २०.५ आलं तर ०.४०४. सगळ्यात जास्त गोंधळ ३/८ मध्ये होतो. साधी ३/८ आणि ३/८ लो प्रोफाइल या दोन वेगळ्या चेन आहेत. मोजपट्टीवर त्या सारख्याच दिसतात, पण लो प्रोफाइलचे कटर (लाकूड कापणारे दाते) बुटके असतात आणि तिचं स्प्रॉकेटही (चेन फिरवणारं दातेरी चाक) वेगळं असतं. एकीच्या जागी दुसरी चढवली तर चेन स्प्रॉकेटवर नीट बसत नाही आणि दोन्ही लवकर खराब होतात. ओरेगॉन कंपनीच्या चेनवर ड्राइव्ह लिंकवरचा छापील आकडा पाहा: ९१ म्हणजे लो प्रोफाइल, ७२, ७३ आणि ७५ म्हणजे साधी ३/८.

गेज. ड्राइव्ह लिंकचा जो भाग बारच्या खाचेत फिरतो, त्याची जाडी म्हणजे गेज. प्रचलित जाड्या चार: १.१, १.३, १.५ आणि १.६ मिमी. शेवटच्या दोहोंत फरक फक्त एक दशांश मिलिमीटरचा, त्यामुळे इथे व्हर्नियर कॅलिपरच हवा, पट्टीचं काम नाही. जुनी चेन झिजून पातळ झालेली असते, म्हणून बारवर कोरलेल्या आकड्यावर जास्त भरवसा ठेवा. जाड चेन पातळ खाचेत शिरतच नाही, त्यामुळे ती चूक लगेच कळते. पातळ चेन मात्र रुंद खाचेत आरामात बसते आणि खरी गडबड तिथे होते: चेन आडवी कलते, काप तिरका जातो आणि मध्येच उतरते.

ड्राइव्ह लिंक. खाचेत जाणारे दातच मोजायचे, वरचे कटर नाहीत. चेन टेबलावर सरळ दुहेरी पसरा, एका लिंकवर मार्करने खूण करा आणि समोरासमोरच्या जोड्या मोजून दुप्पट करा. शेवटी एक लिंक एकटी उरली तर तीही धरा. दोन-तीन लिंक जास्त झाल्या तर ताणाचा स्क्रू शेवटपर्यंत गेला तरी चेन सैलच राहते. कमी झाल्या तर ती चढतच नाही.

आता बारची लांबी. मशीनच्या अंगातून बार जिथे बाहेर येतो तिथपासून टोकापर्यंत मोजा आणि वरच्या सम आकड्यावर न्या. १५ इंचांहून थोडं जास्त भरलं तर बार १६ इंची. आतला लपलेला भाग धरायचा नाही.

किती लांब बार घ्यायचा हे मात्र झाडावरून नव्हे, इंजिनावरून ठरतं. ढोबळमानाने ३० ते ४० सीसीला १२ ते १६ इंच, ४० ते ५० ला १६ ते १८, ५० ते ६० ला १८ ते २०, ६० ते ७० ला २० ते २४, आणि त्याहून लांब बार ७० सीसीच्या पुढच्या मशीनला. शेवटचा शब्द मशीनच्या पुस्तिकेचा. लांब बारवर एकाच वेळी जास्त कटर लाकडात अडकतात, इंजिन दबतं, चेनचा वेग पडतो, क्लच घसरून तापतो. शिवाय ऑइल पंप तेवढ्या लांबीला पुरेल असा नसेल तर टोकाकडचा भाग कोरडा घासतो. बारच्या कडा निळसर पडलेल्या दिसल्या तर हेच झालंय असं समजा.

ओंडक्यापेक्षा बार दोन इंच लांब असला की काम सुखाने होतं. त्याहून जाड लाकूड दोन्ही बाजूंनी कापता येतं, पण त्याला सराव लागतो. फांद्या आणि जळणाचंच काम असेल तर आमचं मत आखूड बारकडे झुकतं: मशीन हलकं राहतं, धार लावायला दाते कमी, आणि टोक नकळत दगडमातीत जायची शक्यताही कमी.

नवा बार घेताना फक्त लांबी पाहून चालत नाही. मागच्या टोकाची खाच बोल्टांवर बसली पाहिजे, ताणाच्या पिनचं भोक जुळलं पाहिजे आणि तेलाचं भोकही. यातलं शेवटचं लोक विसरतात. बार छान बसतो, मशीन चालतं, पण तेल खाचेत पोहोचतच नाही.

पिच बदलणार असाल तर क्लचचं स्प्रॉकेट आणि ज्याच्या टोकाला चाक असेल असा बार, दोन्ही त्याच पिचचे घ्यावे लागतात. पिच न बदलताही दर दोन चेनमागे स्प्रॉकेट बदललेलं बरं. त्यावर अर्धा मिलिमीटर खोल चरे पडले असतील तर वाट पाहू नका, नवी चेनही ते खाऊन टाकेल. कानसही पिचनुसार घ्या: लो प्रोफाइलला ४ मिमी, ०.३२५ ला ४.८, आणि ०.४०४ ला ५.५.

चेन चढवताना बारच्या वरच्या बाजूचे कटर टोकाकडे तोंड करून हवेत. चेन ब्रेक सोडा, नट हाताने घट्ट होतील एवढेच आवळा, बारचं टोक वर उचलून धरा आणि तसंच धरून स्क्रूने ताण द्या, मग नट पक्के आवळा. चेन बारच्या खालच्या बाजूला लोंबता कामा नये, तरीही हाताने ओढली की सहज सरकली पाहिजे. नवी चेन पहिल्या काही मिनिटांतच सैल पडते. थांबून, गार होऊ देऊन ताण पुन्हा पाहा. काम संपल्यावर गरम चेन तशीच ताणलेली ठेवू नका, थोडी ढिली करा. गार होताना ती आवळते, आणि तो ताण क्रँकशाफ्टवर आणि त्याच्या बेअरिंगवर जातो.