घराचा आणि शेताचा कार्बन-हिशेब कसा मांडावा

आपल्या वापरामुळं हवेत किती कार्बन डायऑक्साइड जातो ते मोजणारी बहुतेक ॲप्स विचारतात: विमानप्रवास किती, मांस किती खाता, कार कोणती? मराठवाड्यात औसा नाहीतर गेवराईकडच्या शेतकरी घराला यातलं फारसं लागू पडत नाही, आणि मोटार, युरिया, दावणीची म्हैस यांना तिथं रकानाच नसतो. त्यापेक्षा वही-पेन घेऊन बसलेलं बरं.

आधी वर्षभराची विजेची बिलं, सिलेंडरच्या पावत्या आणि कृषी सेवा केंद्राची बिलं काढा. पेट्रोलची पावती कुणी जपत नाही. महिन्याला किती रुपयांचं टाकता ते आठवून भावानं भागा.

मग गुणाकार. विजेच्या एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड, कारण आपली बरीचशी वीज अजून कोळशाचीच आहे. पेट्रोल लिटरला २.३ किलो, डिझेल २.७, आणि १४.२ किलोचा सिलेंडर संपला की साधारण ४२ किलो.

पाच माणसांचं घर धरू. महिन्याला १२० युनिट, १५ लिटर पेट्रोल, एक सिलेंडर. बेरीज १६० किलो, वर्षाला १.९ टन, म्हणजे माणशी ४०० किलोसुद्धा नाही. वही इथंच मिटली तर खुशीत झोपाल.

आता शेताचं पान उघडा. ५ एचपीची मोटार तासाला साधारण ४ युनिट खाते. आठ तास चालली की २२ किलो, म्हणजे अर्धा सिलेंडर. वर्षात साठ दिवस चालली तर १.३ टन. साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांना एप्रिल २०२४ पासून वीज मोफत आहे. बिल नाही, त्यामुळं तिकडं लक्षही नाही. रात्री लाईट आली की ऑटो स्विचवर मोटार आपोआप सुरू होते, पाणी धुऱ्याबाहेर वाहतं आणि माणूस घरी झोपलेला. कोळसा मात्र जळतच असतो.

युरियाचं गणित अजून वेगळं. शेतात पडलेल्या नत्राचा थोडा भाग नायट्रस ऑक्साइड होऊन उडतो, आणि हा वायू किलोमागे कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट हवा तापवतो. ढोबळ पद्धतीनं ४५ किलोच्या एका गोणीमागे शंभर किलोच्या पुढं जातं, कारखान्यातलं वेगळंच. आठ गोण्यांचे ८०० किलो आणि मोटार मिळून दोन टनांवर गेलं, घराच्याही पुढं.

म्हशीच्या ढेकरांतून मिथेन वायू निघतो, तोही हवा तापवतो; त्याचा हिशेब एका म्हशीमागे वर्षाला टनाच्या वर जातो, पण म्हणून दावण मोकळी करा असं मी म्हणणार नाही. चार-पाच जनावरं असतील तर दोन घनमीटरचा गोबरगॅस बसवा. नीट चालला तर सिलेंडर जवळजवळ सुटतो आणि स्लरी शेताला होते.

कपात जिथं आकडा मोठा तिथूनच करायची. ऑटो स्विच काढा, ठिबक असेल तर तास ठरवून चालवा. सौर पंप मिळत असेल तर अर्ज टाकून ठेवा. सोयाबीन पिवळं दिसलं की वरून युरिया फेकायची सवय सोडा. या पिकाच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र स्वतः धरतात. पेरणीआधी बियाण्याला रायझोबियम, म्हणजे या गाठी धरवणारं जिवाणू खत, चोळा. परभणीच्या कृषी विद्यापीठात ते मिळतं. कापसाला युरिया द्यायचाच तर माती परीक्षण करून, ओलीवर, हप्त्याहप्त्यानं आणि मातीआड द्या.

घरात जुना ७५ वॅटचा पंखा बिघडेल तेव्हा ३० वॅटचा, कमी वीज खाणाऱ्या बीएलडीसी मोटारीचा घ्या. उन्हाळ्याआधी स्लॅबला चुना मारा. माळवदाखाली राहिलेल्यांना छत थंड असण्याचं मोल सांगावं लागत नाही.

पुढच्या वर्षी ताळा करताना टंचाईचं साल भर पावसाच्या सालाशी लावू नका. मोटारीचे तास पावसावर असतात. म्हणून ते वहीत वेगळ्या रकान्यात मांडा आणि शेजारी त्या वर्षीचा पाऊस लिहून ठेवा.