घरात पिस्तूल असेल तर मदत कुठून सुरू करायची

भांडुपच्या आमच्या केंद्रात मी 14 वर्षं समुपदेशनाचं काम करते. मारहाणीची तक्रार घेऊन बाई आली की मी पूर्वी विचारायचे, "घरात हत्यार आहे का?" उत्तर बहुतेक वेळा "नाही" असंच यायचं. हत्यार म्हटलं की बायकांना चॉपर आठवतो, तलवार आठवते. नवऱ्याचं लायसनचं पिस्तूल त्यांच्या लेखी हत्यार नसतंच, ते "यांचं पिस्तूल" असतं. म्हणून आता मी नाव घेऊन विचारते: बंदूक, रिव्हॉल्व्हर, गावठी कट्टा, यातलं काही आहे का? कुठे ठेवतात? बहिणीला किंवा शेजारणीला मदत करायची असेल, तर तुम्हीही असंच विचारा. ती एकटी असतानाच विचारा.

पुढचा प्रश्न, ते बाहेर कधी निघतं? एक बाई मला म्हणाली, "ताई, त्यांनी कधी रोखलं नाही हो. जेवायला बसले की ताटाशेजारी ठेवतात, नळी माझ्याकडे." तिने मुलाच्या फीचे पैसे मागणं सोडलं, माहेरचं नाव काढणं सोडलं. गोळी एकदाही सुटली नव्हती. ही धमकीच आहे, आणि अर्जात ती तशीच, तारीख-वारासकट यायला हवी. त्या तारखा तिच्या मोबाइलमध्ये नको, तो नवरा बघतो. शेजारणीच्या वहीत लिहून ठेवा.

अमेरिकेतल्या 11 शहरांतला एक अभ्यास 2003 साली प्रसिद्ध झाला. छळ करणाऱ्या जोडीदाराच्या हाताशी बंदूक असेल, तर बाईच्या खुनाचा धोका सुमारे पाचपट होतो, असं त्यात दिसलं. तिथे बंदुका घरोघरी आहेत, तो आकडा भांडुपला जसाच्या तसा लावता येणार नाही. पण त्यामागचं कारण इथेही तेच आहे. चाळीत हाणामारी सुरू झाली की शेजारी दार ठोठावतात, कुणी मध्ये पडतं. पिस्तूल तेवढा वेळच देत नाही. 22 एप्रिल 2006 ला वरळीच्या घरात सख्ख्या भावाने भाजपचे नेते प्रमोद महाजनांवर गोळ्या झाडल्या, ते पिस्तूलही लायसनचंच होतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पिस्तूल तिने लपवायचं नाही, फेकायचं नाही, तुमच्याकडे आणून ठेवायचं नाही. विनापरवाना हत्यार जवळ बाळगणं हा गुन्हा आहे, तिच्यावरही उलटू शकतो. शिवाय त्यात गोळी भरलेली आहे की नाही, हे तिला ठाऊक नसतं. तिने फक्त परवान्याचा फोटो मिळतो का ते बघायचं: नंबर, मुदत आणि तो कुठून निघाला आहे. मुंबईत परवाना देण्याचा अधिकार पोलीस आयुक्तांकडे आहे, पण कित्येकांचे परवाने गावच्या जिल्ह्यातले असतात. मग अर्जाची प्रत तिकडेही पाठवावी लागते.

अर्ज पोलीस ठाण्याच्या वरिष्ठ निरीक्षकांच्या नावे लिहा, प्रत आयुक्तालयाला द्या. शस्त्र अधिनियम 1959, कलम 17 खाली परवाना निलंबित करून हत्यार जमा करून घ्यावं, अशी मागणी स्पष्ट शब्दांत करा. "घरगुती वाद आहे, समजुतीने घ्या" हे मी एका ठाण्यात तीनदा ऐकलं आहे. तरीही पोच घेतल्याशिवाय उठायचं नाही, शिक्का आणि तारखेसकट.

त्याच्या जोडीला 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. कलम 23 खाली एकतर्फी अंतरिम आदेश, म्हणजे नवऱ्याचं म्हणणं ऐकण्याआधीच तात्पुरता आदेश, मिळू शकतो. या कायद्याच्या नियम 10 मध्ये एक तरतूद आहे, ती वकिलांनाही आठवण करून द्यावी लागते: दंडाधिकाऱ्यांनी लेखी सांगितलं, तर संरक्षण अधिकारी (याच कायद्याखाली नेमलेला अधिकारी) पोलिसांच्या मदतीने हिंसाचारात वापरलेलं हत्यार जप्त करू शकतो. ही मागणी अर्जात वेगळी ओळ करून लिहा.

अर्ज ठाण्यात गेला की नवऱ्याला कळणार, हे धरून चाला. त्या रात्री ती आणि मुलं त्या घरात झोपता कामा नयेत. आधार कार्ड, रेशन कार्ड, मुलांचे दाखले, औषधं आधीच हलवून ठेवा. भांडणाच्या भरात "मी चालले" म्हणू देऊ नका, बाई निघते तेव्हाच धोका सर्वांत जास्त असतो.

गावठी कट्टा असेल तर निलंबित करायला परवानाच नसतो; अर्जाच्या मागे वेळ घालवू नका, बाई सुरक्षित जागी पोचली की थेट 112 लावा. मंडळाच्या पोरांना सांगून धाक दाखवायला पाठवू नका. बायकांसाठी 103 आणि 181 या हेल्पलाइन आहेतच.

ताटाशेजारी पिस्तूल ठेवणाऱ्या त्या घरातलं हत्यार 2024 च्या लोकसभेला आचारसंहितेमुळे ठाण्यात जमा झालं. ती म्हणाली, "ताई, तेवढे दिवस मी झोपले." निकाल 4 जूनला लागला, आणि थोड्याच दिवसांत पिस्तूल परत ताटाशेजारी आलं. आम्हाला ते कळलं नव्हतं. म्हणून हत्यार कशानेही जमा झालेलं असो, ते ठाण्यात असतानाच दुसरा अर्ज द्या: परत देण्याआधी माझं म्हणणं ऐकावं आणि मला कळवावं. त्याचीही पोच घ्या.