इनडिझाइनमधे मास्टर पेज कसं वापरायचं, आणि मास्टर पुन्हा काहून ओढायचं नाही

तालुक्याच्या गावात डीटीपी (कॉम्प्युटरवर छपाईची पानं मांडायचं काम, इनडिझाइन हे त्याचंच सॉफ्टवेअर) म्हणजे पतसंस्थेचा अहवाल, शाळेचं वार्षिक, सप्ताहाची स्मरणिका. त्यातली बहुतेक कामं मागच्या वर्षीच्या फाइलवरच होतात, म्हणून मास्टर, म्हणजे सगळ्या पानांवर तेच येणाऱ्या गोष्टींचं साच्याचं पान, नीट बांधलेलं पाह्यजे, नाहीतर दरवर्षी तीच ढोरमेहनत.

पेजेस पॅनलमधे वरती ए-मास्टर असते (२०२१ नंतरच्या व्हर्जनमधे त्यालाच पॅरेंट म्हणतात), त्याच्यावर डबल क्लिक करा आणि संस्थेचं नाव, वर्ष, रेघ जे काही प्रत्येक पानावर लागते ते डाव्या-उजव्या दोन्ही पानांवर टाका. पान नंबर हातानं टाइप करू नका, फ्रेममधे (मजकुराच्या चौकटीत) कर्सर ठेवून कंट्रोल-ऑल्ट-शिफ्ट-एन दाबा. मास्टरवर तिथं ए येते, श्री-लिपीचा (जुन्या पद्धतीचा मराठी) फॉन्ट असला तर अ दिसते, बरोबरच आहे ते, आतल्या पानावर आकडाच येते. नंबरची फ्रेम सगळ्यात वरच्या वेगळ्या लेयरवर (थरावर) ठेवा, नाहीतर पानभर फोटो लावला की नंबर खाली दबलाच.

आता खरी अडचण. मास्टरवरची वस्तू आतल्या पानावर साध्या क्लिकनं धरल्या जात नाही, मग कोणीतरी सांगते कंट्रोल-शिफ्ट-क्लिक कर, सुटते. सुटते खरी, पण त्या पानावर तुम्ही मजकूर बदलला की तिथला मजकूर मास्टरचं ऐकणं बंद करते. माझ्याकडं एका अहवालाची फाइल आली होती, दुसऱ्या दुकानात बनलेली, मास्टरवर २०२३-२४ चं २०२४-२५ केलं तर अर्धी पानं बदलली आणि अर्धी जुनीच. अशा वेळी सगळेच एक सल्ला देतात, मास्टर धरून पानावर पुन्हा ओढ. हे अजिबात करू नका! तसं केलं की आधी सुटलेली फ्रेम मास्टरपासून कायमची तुटते आणि तिच्याखाली मास्टरची नवी फ्रेम येऊन बसते, म्हणजे २०२३-२४ वर २०२४-२५, निरा काळा गिचगोळा, आणि पान लहान करून पाहाल तर नुसतं ठळक छापल्यासारखं वाटते, प्रुफात सुटून जाते.

बरोबर पद्धत अशी. आधी सेव्ह अ‍ॅज करून कॉपी ठेवा. डब्ल्यू दाबून प्रिव्ह्यू बंद करा आणि फ्रेमच्या कडा पहा, मास्टरला जोडलेल्या फ्रेमची कड ठिपक्यांची असते, सुटलेलीची सलग. सलग कडेचा मथळा सिलेक्ट करा, पेजेस पॅनलच्या मेनूत मास्टर पेजेसमधे जाऊन रिमूव्ह सिलेक्टेड लोकल ओव्हरराइड्स मारा, म्हणजे त्या पानावरचा बदल जाऊन फ्रेम परत मास्टरला जुळते. तिथंच ऑल वालं पण आहे, पण ते डोळे मिटून मारू नका भाऊ, कोणी मास्टरच्याच फ्रेममधे अध्यक्षांचं मनोगत टाइप केलं असलं तर तेही उडते. आणि आधीच कोणी मास्टर ओढून बसलं असलं तर ही कमांड त्या तुटलेल्या फ्रेमवर चालत नाही, वरची जुनी फ्रेम साध्या क्लिकनं धरून डिलीट मारा, खालची मास्टरची तशीच राहते.

मुळात पान सोडवायची गरजच पडू देऊ नका. ताळेबंदाच्या पानांवर मथळा वेगळा पाहिजे तर न्यू मास्टर करून बी-मास्टर बनवा आणि त्यात बेस्ड ऑनमधे ए निवडा. वर्ष ए वर बदललं की बी वर आपोआप बदलते, फक्त बी वर जे तुम्ही वेगळं केलं तेवढं वेगळं राहते. दोन-तीन पानांसाठी काय नवीन मास्टर करायचं असं म्हणणारे पुढच्या वर्षी तीच दोन-तीन पानं शोधत बसतात.

जाहिरातीच्या पानांना नन (None, म्हणजे कोणतंच मास्टर नाही) लावा, काम झालं. पहिला लेख पान १ पासून पाहिजे असला तर पेजेस पॅनलमधे त्या पानावर राइट क्लिक, नंबरिंग अँड सेक्शन ऑप्शन्स, स्टार्ट ॲट १. मुखपृष्ठ वेगळ्या फाइलमधे.