जुन्या ड्रमचं हार्डवेअर टंबलरमध्ये टाकायच्या आधी

जे नवीन शिकतायत त्यांनी एक गोष्ट आधीच डोक्यात ठेवा, व्हायब्रेटरी टंबलर, म्हणजे सुटे पार्ट दाणेदार भरड्यात थरथरवून घासणारं मशीन, मळ काढतो, चमक आणतो, उडालेला क्रोम परत आणत नाही. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी बँडवाल्यांचे जुने साइड ड्रम कधीकधी दिसतात, त्यांचे रॉड (ड्रमचं पान ताणणारे लांब स्क्रू) काळेकुट्ट असले तरी बरेचदा तो नुसता तेलकट थर असतो, तिथे मशीन भारी काम करतं. पण खड्डे पडलेत, आतलं लोखंड दिसतंय, तर तो पीस प्लेटिंगवाल्याकडे द्यायचा, उगाच रात्रभर फिरवत बसू नका.

खरं काम मशीनच्या आधीचं आहे. सगळं सुटं करा, लगमधली (ड्रमच्या अंगावरचे तुकडे, ज्यात रॉड आवळतात) स्प्रिंग, नट, फेल्ट सगळं बाहेर, आणि सोडवताना मोबाइलवर फोटो काढत जा. मग चुंबक लावून बघा. रॉड स्टीलचे, चुंबक घट्ट धरतो, लग मात्र बहुतेक वेळा झिंकचं डाय-कास्टिंग असतं. हे कशाला, तर लोक गंज काढायला सरसकट सगळं व्हिनेगरमध्ये बुडवतात, स्टीलला थोडा वेळ चालतं पण झिंकला आम्ल खातं आणि वरचा क्रोम पापुद्र्यासारखा सुटतो. लगला भांड्याच्या साबणाचं कोमट पाणी आणि जुना टूथब्रश बास. नंतर पूर्ण कोरडं करा, तेल किंवा ओल राहिली की मीडियाचे, म्हणजे मशीनमधल्या घासणाऱ्या दाण्यांचे, गोळे होतात, पावसाळ्यात तर पंख्याखाली ठेवाच.

मीडिया म्हणाल तर सिरॅमिक नको, ते फॅक्टरीत धातूच्या कडेची बर (खरखरीत कोर) काढायला असतं, क्रोमची वाट लावेल. अक्रोडाच्या टरफलाचा भरडा आधी, मग मक्याच्या कणसाचा, त्यात थोडं पॉलिश टाकून मशीन आधी रिकामंच फिरवा म्हणजे ते नीट मुरतं, पार्ट नंतर. रॉड एकत्र चालतात, लग थोडे थोडेच टाका नाहीतर एकमेकांवर आपटून ओरखडे. बॅज (कंपनीच्या नावाची पट्टी) अजिबात नको, रंग जातो. हूप, म्हणजे पान दाबून धरणारं गोल कडं, मशीनमध्ये मावतच नाही, त्यावरचे गंजाचे ठिपके ॲल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून घासा, स्वस्तात मस्त.

फ्लॅटमध्ये राहत असाल तर खाली रबर मॅट टाका आणि दुपारी एक ते चार चालवू नका, पुणं आहे हे. झाकण उघडताना मास्क लावा, धूळ वाईट असते. मीडिया गाळायला घरातली चाळण नको, बोहरी आळीत वेगळी मिळते.

शेवटी आट्यांत अडकलेले दाणे ब्रशने काढून थेंबभर मशीन ऑइल. आजकालच्या बहुतेक ड्रमच्या रॉडला 12-24 या मापाचे आटे असतात पण जुन्या युरोपियन ड्रमचे वेगळे निघू शकतात, म्हणून रॉड आधी बोटांनी फिरवून बघा, अडकला तर ड्रमची चावी लावून जोर करू नका, त्या ड्रमचा नसेल तो.