शिंकणारं मांजर टेबलावर येतं तेव्हा: इंटर्नशिपला येणाऱ्यांसाठी

परभणी काय, उदगीर काय, आपल्याकडे पशुवैद्यकीय कॉलेजात शिकताना हात बसतो तो गाई-म्हशी आणि शेळ्यांवर. साडेपाच वर्षांच्या अभ्यासक्रमात शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं, आणि तिथं कुणीतरी कापडी पिशवीतून मांजर घेऊन येतं. "डॉक्टर, लई शिंकायलंय, कालपासून काही खाईना."

पिशवी लगेच उघडू नका. आधी लांबूनच श्वास बघा. तोंड उघडून श्वास घेत असेल तर तपासणी नंतर, ऑक्सिजन आधी. अशा मांजराला दाबून धरलं तर ते हातातच जाऊ शकतं. दुसरं, घरी काय दिलं ते विचारा. 'तापाची अर्धी गोळी दिली' असं उत्तर आलं तर सर्दी बाजूला ठेवा. पॅरासिटामॉल मांजराला विष आहे.

शिंका बहुतेक वेळा हर्पिस किंवा कॅलिसी विषाणूच्या असतात. जिभेवर व्रण दिसले तर कॅलिसीचा संशय घ्या. जिवाणूंमध्ये तिघं लक्षात ठेवा: बोर्डेटेला, क्लॅमिडिया आणि मायकोप्लाझ्मा. क्लॅमिडियात डोळा बोलतो, आधी एक सुजतो, काही दिवसांनी दुसरा. बोर्डेटेला म्हणजे केनेल कफ, म्हणजे कुत्र्यांच्या संसर्गजन्य खोकल्यातलाच जंतू, आणि तो कुत्र्याकडून मांजराकडे जातो. म्हणून "घरात, शेजारी कुत्रं खोकतंय का?" हा प्रश्न केसपेपरवर पाहिजेच. मालक आपणहून सांगत नाही, त्याला त्याचा संबंधच वाटत नसतो. मोठं मांजर बऱ्याचदा आठ-दहा दिवसांत सावरतं. दहा आठवड्यांच्या आतल्या पिल्लाला मात्र न्यूमोनिया होऊन ते दगावू शकतं. त्याला 'उद्या या' म्हणू नका.

जिवाणूंवर औषध बहुधा डॉक्सिसायक्लिन, किलोला १० मिलिग्रॅम, दिवसातून एकदा. तीन किलोच्या बोक्याला ३० मिलिग्रॅम. क्लॅमिडियाला चार आठवडे द्यावं लागतं, आणि डोळा साफ दिसला की मालक थांबतो, हे गृहीतच धरा. पण खरी गोम गोळी देण्यात आहे. कोरडी गोळी मांजराच्या अन्ननलिकेत अडकते, तिथं जखम होते आणि नळी आक्रसते. गोळीमागून सिरिंजने पाच-सहा मिलि पाणी पाजायचं, हे मालकाला तोंडी सांगून भागत नाही. त्याच्याच हातून एकदा करून घ्या.

नाक बंद असलं की मांजर खात नाही, कारण त्याला वासच येत नाही. नाक कोमट पाण्याच्या बोळ्याने पुसा, खाणं थोडं गरम करून द्यायला सांगा.

"लस दिली होती की!" हेही ऐकाल. ट्रायकॅट या मांजरांच्या लशीत बोर्डेटेला नसतो. बरं झालेलं मांजरही कित्येक आठवडे जंतू पसरवत राहू शकतं, तेव्हा घरात दुसरी मांजरं असतील तर ताटली वेगळी. टेबल आणि पिंजरा पातळ ब्लीचने पुसून, धुऊन, वाळवून घ्या. फिनाईल नको. आपल्याकडे घरोघरी तेच असतं, पण मांजर पंजे चाटतं आणि त्यातलं फिनॉल त्याला पचत नाही.